पॅनलच्या आत पॅनल असेल तर सगळ्यांचा फॉन्ट एकदम कसा बदलायचा (जावा स्विंग)

फोंड्याकडच्या एका देवस्थानासाठी मी पावत्यांचं सॉफ्टवेअर केलंय, जावा स्विंगमध्ये (स्विंग म्हणजे खिडक्या, बटनं बनवायची जावाची लायब्ररी). काउंटरवर बसणारे काका म्हणाले, बाबा अक्षरं जरा मोठी कर, डोळे दुखतात. मी मुख्य जेपॅनलवर, म्हणजे बाकी सगळं ज्यात बसतं त्या चौकटीवर, सेटफॉन्ट केलं, रन केलं, तर आतलं एक अक्षरसुद्धा मोठं झालं नाही.

कारण असं आहे की कंपोनंटला (लेबल, बटन, पॅनल असा कुठलाही भाग) स्वतःचा फॉन्ट नसेल तरच तो वरच्या पॅनलचा घेतो, आणि स्विंगमध्ये लूक अँड फील, म्हणजे खिडकीचं एकूण रूप ठरवणारा भाग, प्रत्येक लेबलला, बटनाला तयार होतानाच फॉन्ट देऊन टाकतं, मग तो वरती बघेलच कशाला.

म्हणून एक छोटी रिकर्सिव्ह मेथड लिहायची. तिला कंपोनंट द्या, ती आधी त्याचा फॉन्ट बदलेल आणि तो कंटेनर (आत दुसरे कंपोनंट ठेवणारा) असेल तर गेटकंपोनंट्समधून जे मिळतात त्या प्रत्येकावर स्वतःलाच परत कॉल करेल, मग टॅबच्या आत स्क्रोलपेन आणि त्याच्या आत पॅनल असं कितीही खोल असूदे. सगळ्यांना एकच नवा फॉन्ट देऊ नका हां, ज्याचा त्याचा जुना गेटफॉन्टने घ्या, नल नाही ना बघा, आणि त्यावर डिराइव्हफॉन्ट करा (जुन्यावरून फक्त साइज बदललेला नवा फॉन्ट मिळतो), म्हणजे बोल्ड होतं ते बोल्डच राहतं. साइज देताना २०च्या पुढे एफ लावायचाच, असा: 20f. नुसता २० दिलात तर जावा त्याला साइज नाही, स्टाइल समजतं, एरर काहीच येत नाही, साइज तीच राहते आणि बोल्ड मात्र जातो. शेवटी मांडणी परत करून परत रंगवायला रिव्हॅलिडेट आणि रिपेंट, आणि खिडकीची साइज बदललेली चालत असेल तर पॅकसुद्धा.

एवढं करूनही काही जागा सुटतात. जेमेनूमधले आयटम गेटकंपोनंट्समध्ये येत नाहीत, त्यांच्यासाठी गेटमेनूकंपोनंट्स वापरा. टायटल्डबॉर्डर (शीर्षक असलेली कड) हा कंपोनंटच नाही, त्याला सेटटायटलफॉन्ट वेगळं करावं लागतं. आणि जेटेबलकडे, म्हणजे तक्त्याकडे, नीट लक्ष द्या, फॉन्ट वाढला तरी ओळीची उंची आपोआप वाढत नाही, ती १६ पिक्सेलवरच राहते. आमच्या यादीत "लघुरुद्र" होतं, त्याचे खालचे उकार कापले गेले आणि काका विचारायला लागले हे काय लिहिलंय. रोमन अक्षरात एवढं जाणवत नाही, पण मराठीत उकार वेलांट्या वरखाली जातात, त्यामुळे गेटफॉन्टमेट्रिक्सने उंची काढा, त्यात चारपाच पिक्सेल मिळवा आणि सेटरोहाइटला द्या.

अजून खिडकी बनलीच नसेल, म्हणजे नवीनच प्रोजेक्ट असेल, तर ही धावाधाव नको. लूक अँड फील सेट केल्यावर आणि पहिला कंपोनंट बनायच्या आधी यूआयमॅनेजरमध्ये (इथेच सगळ्यांचे ठरलेले फॉन्ट, रंग असतात) लेबल डॉट फॉन्ट, बटन डॉट फॉन्ट वगैरे टाकून द्या, पण साधा फॉन्ट नाही, फॉन्टयूआयरिसोर्स, म्हणजे "हा लूक अँड फीलने दिलाय" अशी यूआयरिसोर्सची खूण असलेला फॉन्ट. साधा टाकलात तर नंतर लूक अँड फील बदललं की तो जुनाच चिकटून बसतो, कारण स्विंग फक्त यूआयरिसोर्स असलेला फॉन्टच बदलतं. चालू खिडकीत बदल दिसायला स्विंगयुटिलिटीजचं अपडेटकंपोनंटट्रीयूआय फ्रेमवर एकदा कॉल करा. जेऑप्शनपेनचे (छोट्या विचारणा खिडकीचे) मेसेजसुद्धा यूआयमॅनेजरमधूनच मोठे होतात, ऑप्शनपेन डॉट मेसेजफॉन्ट आणि बटनफॉन्ट, काकांना "पावती रद्द करायची?" हे वाचता आलं ते त्यामुळेच.