शॉकअपचा जाम बोल्ट: आधी घट्ट, मग सैल

कोल्हापूरचा पाऊस आणि चिखल खाल्लेल्या गाडीचा शॉकअपचा खालचा बोल्ट गंजून असला जाम बसतोय की पाना लावला की डोकंच गोल होतंय.

१. आदल्या रात्री वायर ब्रशनं आटे घासून रस्ट स्प्रे (गंज सैल करणारा) मारून ठेवा, सकाळी परत एकदा मारा. डिझेल ओतूनबी चालतंय पण स्प्रे आत जास्त मुरतोय.

२. बारा कोनी सॉकेट नको, सहा कोनीच घ्या, पान्याला लांब पाइप लावा आणि आधी किंचित घट्ट करायच्या बाजूला दाबा, कट्ट आवाज आला म्हंजे गंज फुटला, मग पाव आटा सैल, परत थोडा घट्ट, परत स्प्रे, असंच करत यायचं, एकदम ओढला की तुटतोय.

३. नट निघाला पण बोल्ट बुशमध्ये (बोल्ट ज्यातनं जातोय त्या नळीत) अडकलाय? नट परत टोकाबरोबर चढवा आणि मगच हातोडा मारा, आटे वाचतात. तरीबी हलंना तर सरळ उद्यमनगरात, म्हंजे कोल्हापूरच्या वर्कशॉपच्या भागात न्या.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून पाइप ओढू नका, खाली स्टँड पाहिजेच. आणि स्प्रे मारलेल्या जागी गॅसची ज्योत अजिबात लावायची नाही, स्प्रे पेट घेतोय आणि ब्रेकचा होज (रबरी नळी) शेजारीच असतोय.