ऑक्टोबरात दोघांनीच नॅरोबोट चालवायची तर

इंग्लंड-वेल्सच्या कालव्यांवर शरद ऋतूत नॅरोबोट (अरुंद कालव्यांसाठीची लांबट बोट) घेऊन जाताना दिवसाचा सगळा हिशेब सूर्यास्तावरून मांडावा लागतो. सप्टेंबर संपताना साडेसहापर्यंत आरामात दिसतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की सूर्य साडेचार-पावणेपाचलाच मावळतो. भाड्याची बोट अंधारात चालवायला सहसा मनाई असते, त्यामुळे साडेतीनला जागा शोधायला लागायचं आणि चारपर्यंत बोट बांधून मोकळं व्हायचं.

अंतराचा अंदाज सोपा आहे: मैल आणि लॉक (बोट वर किंवा खाली नेणारे दारांचे हौद) यांची बेरीज करा, तिला 3 ने भागा, तेवढे तास लागतात. 9 मैल आणि 6 लॉक म्हणजे 5 तास. बहुतेक कालव्यांवर वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे, आणि बांधून ठेवलेल्या बोटींजवळून इंजिन अगदी मंद ठेवून जायचं असतं. नाहीतर पाण्याच्या ओढीने त्यांचे खुंटे उपटतात. दोघंच असाल तर ऑक्टोबरात दिवसाला 4 तास पुरे. फोर काउंटीज रिंग (कालव्यांची गोलाकार फेरी) 110 मैलांची, 94 लॉकची आहे. म्हणजे 68 तास, आठवड्यात संपवायची तर रोज जवळपास 10. या दिवसांत ती नकोच. अ‍ॅशबी कालव्यावर 22 मैलांत एकही लॉक नाही. मॉनमथशर अँड ब्रेकन कालवा 35 मैलांचा, लॉक फक्त 6, आणि बराचसा भाग झाडीतून जातो. पानं रंगलेली बघायची हौस असेल तर आमचं मत याच्या बाजूने. लँगोलेन कालव्यावर 1805 सालचा पाँटकिसल्टे जलसेतू आहे, 307 मीटर लांब आणि दरीपासून 38 मीटर उंच.

नोव्हेंबर ते मार्च या काळात कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट (कालवे सांभाळणारी संस्था) मोठ्या दुरुस्त्या काढतो आणि लॉक आठवडेच्या आठवडे बंद राहतात. ही यादी ट्रस्टच्या संकेतस्थळावर आधीच लागते. ती पाहूनच आरक्षण करा.

दोघांसाठी 45 ते 50 फुटी बोट भरपूर होते. रुंदी 6 फूट 10 इंच, कारण अरुंद लॉक साधारण 7 फुटांचे असतात. टिलर (सुकाणूचा दांडा) डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. ती वळते मधल्या भागाभोवती, म्हणून पुढचं टोक आत घेताना मागचं बाहेर फेकलं जातं. सुकाणू काम करतं ते पंख्याने (प्रोपेलरने) मागे ढकललेल्या पाण्यावर. गिअर न्यूट्रल केला की बोट ऐकत नाही. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे राहायचं.

लॉकवर एकजण टिलरपाशी, दुसरा विंडलास (लॉकच्या झडपा उघडायचं हँडल) घेऊन काठावर. काठावरच्याला सगळं दिसतं, तेव्हा हुकूम त्याचा किंवा तिचा. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. हाताच्या खुणा आधीच ठरवा: थांब, पॅडल (पाणी सोडायची झडप) खाली कर, पुढे ये. एवढ्या तीन पुरतात.

उतरताना लॉक आधी भरलेला हवा. बोट आत घ्या, वरचं दार लावा, मग खालची पॅडलं अर्धी उघडा. बोट नीट खाली जातेय असं दिसलं की पूर्ण. सिल म्हणजे वरच्या दाराखालचा दगडी उंबरा. पाणी उतरलं की तो उघडा पडतो. त्याची खूण काठावर पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते. बोटीचं मागचं टोक सतत त्या रेघेच्या पुढे हवं. ते सिलवर अडकलं तर खालची पॅडलं ताबडतोब बंद करायची आणि वरची हळूहळू उघडून लॉक पुन्हा भरायचा. उतरताना दोर काठाला बांधू नका, बोट लटकेल. चढताना जमिनीतली पॅडलं आधी उघडा. दारातल्या पॅडलांची तोंडं पाण्याखाली गेल्याशिवाय त्यांना हात लावू नका, नाहीतर धबधबा थेट बोटीच्या पुढच्या भागात कोसळतो. विंडलास पॅडलच्या दांड्यावर ठेवून कधीही सोडू नका. खटका निसटला तर तो गरगर फिरून तोंडावर बसतो. ओल्या पानांवर पाय हमखास सरकतो, म्हणून दाराच्या फटीवरून उडी मारायची नाही.

पानांचा त्रास पाण्यातही होतो. इंजिन जड वाटायला लागलं, वेग पडला, धूर काळा झाला, तर पंख्याला पानं गुंडाळली आहेत असं समजा. न्यूट्रल, दोन-तीन सेकंद जोरात रिव्हर्स, पुन्हा न्यूट्रल, मग पुढे. बहुतेक वेळा एवढ्याने सुटतं. कापड किंवा प्लास्टिक अडकलं असेल तर वीड हॅच (पंख्यापर्यंत हात घालायचं झाकण) उघडावं लागतं. बोट बांधा, इंजिन बंद करा, किल्ली काढून हात घालणाऱ्याच्या खिशात ठेवा. जाड हातमोजे घाला आणि दातेरी सुरीने कापा. झाकण परत बसवून घट्ट आवळा. आधी न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा, मग गिअर टाकून पाणी येत नाही ना हे दुसऱ्याने बघावं. सैल झाकणातून पंखा पाणी आत फेकतो आणि बोट बुडूही शकते.

सकाळी इंजिनाचं तेल, कूलंट, पट्टा आणि बिल्ज (बोटीच्या तळाची पाणी साचणारी जागा) बघा. रात्री स्टर्न ग्लँडच्या (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या सांध्याच्या) ग्रीझरला घट्ट लागेपर्यंत पीळ द्या.

पाऊस झाल्यावर काठाची माती मऊ असते. खुंटे पूर्ण ठोका, आणि पुढच्या-मागच्या दोरांना बोटीशी साधारण 45 अंशांचा कोन द्या. काठाला लोखंडी पत्रा असेल तर खुंट्यांऐवजी हूक वापरा. मधल्या दोराने रात्रभर बांधू नका, बाजूने बोट गेली की ती कलते. जिथे मनाईची पाटी नाही अशा टोपाथच्या (काठाच्या पायवाटेच्या) बाजूला 14 दिवसांपर्यंत थांबता येतं.

शेगडी पेटली की दोघांच्या श्वासानेच खिडक्यांवर दव धरतं. तरी हवेची भोकं बुजवू नका. त्या दवापेक्षा कार्बन मोनॉक्साइड फार वाईट, त्याला वास नसतो. अलार्मचं बटण पहिल्याच दिवशी दाबून बघा. गरम राखेतूनही हा वायू येतो, म्हणून राखेचा डबा, झाकण लावलेला असला तरी, रात्री बोटीबाहेरच ठेवायचा.