निघून आलेली पोस्ट उलटून पाहा

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक पेशंट टिश्यू पेपरात गुंडाळून क्राउन (दातावरची टोपी), कोअर (तिच्या आतला बांधलेला गाभा) आणि फायबर पोस्ट (रूट कॅनॉल केलेल्या मुळात सिमेंटने बसवायची काडी) असं सगळं एकसंध घेऊन आला. चार महिन्यांपूर्वी मीच बसवलेलं. "सिमेंटच खराब निघालं," मी सरांना म्हणालो. सरांनी पोस्ट लूपखाली (भिंगाखाली) धरून मला बघायला लावलं. पोस्टवर सिमेंट जसंच्या तसं होतं आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला गुलाबीसर पातळ थर. गटा-पर्चा, म्हणजे रूट कॅनॉलमध्ये भरतात तो रबरासारखा पदार्थ! सिमेंट चिकटलं होतं, पण डेंटिनला (दाताच्या मूळ भिंतीला) नाही, मी भिंतीवर सोडलेल्या घाणीला.

म्हणून "कुठलं सिमेंट चांगलं?" असं कुणी ज्युनिअर विचारतो तेव्हा मी आधी त्याचा एक्स-रे मागतो. मुळाच्या टोकाशी 4-5 मिमी गटा-पर्चा शाबूत आहे का? त्याच्या वर भिंतीला काही चिकटून राहिलंय का? हिरडीच्या वर दाताचा स्वतःचा सुमारे 2 मिमी उंचीचा काठ, म्हणजे फेरूल, आहे का? फेरूल नसेल तर भारीतलं सिमेंटही फार काळ साथ देत नाही. आणि पोस्ट दात मजबूत करते हा गैरसमज डोक्यातून काढा; ती फक्त कोअरला धरून ठेवते.

सीलर (गटा-पर्चासोबत भरायची पेस्ट) कुठला वापरलाय तेही बघा. त्यातलं युजेनॉल (लवंग तेलातला घटक) उरलं तर रेझिन सिमेंट नीट सेट होत नाही. कॅनॉल धुवायच्या हायपोक्लोराइटचंही तेच, मागे राहिलेला ऑक्सिजन आड येतो. शेवटचं धुणं हायपोने करून थेट सिमेंट भरायची सवय मलाही होती. आता ईडीटीए (भिंतीवरचा थर काढणारं द्रावण), मग भरपूर पाणी, मग पेपर पॉइंट (कॅनॉल टिपायच्या कागदी काड्या), टोक कोरडं निघेपर्यंत. ट्राय-इन केलेली (आत घालून मापाला बघितलेली) पोस्ट अल्कोहोलने पुसायची.

एवढं झालं की सिमेंटची निवड सोपी असते. कास्ट (ओतीव धातूची) पोस्ट घट्ट बसत असेल तर झिंक फॉस्फेट किंवा ग्लास आयनोमर आजही चालतं. फायबर पोस्टला रेझिन. त्यातलं ॲसिडने एचिंग करून (भिंत खरखरीत करून) बाँडिंग लावायचं तंत्र कागदावर तगडं आहे, पण कॅनॉलच्या तळाशी ॲसिड धुतलं गेलं की नाही, बाँडचं डबकं साचलंय का, हे दिसणार कुणाला? नवख्याने सेल्फ-ॲडेझिव्ह ड्युअल-क्युअर (वेगळं बाँडिंग न लागणारं, लाइटने आणि केमिकलीही सेट होणारं) घ्यावं, असं माझं मत. लाइट तळापर्यंत पुरेसा पोचत नाही. खालचा भाग केमिकलीच सेट होतो, त्यामुळे पाकिटावर लिहिलेली मिनिटं खरोखर थांबा.

सिमेंट लांब, बारीक टिपने तळापासून वर भरत यायचं. लेंट्युलो (सिमेंट आत फिरवत नेणारी स्प्रिंग) नको. एकदा झिंक फॉस्फेटच्या सवयीने मी रेझिन सिमेंट लेंट्युलोने फिरवलं. पोस्ट घातली तर ती 3 मिमी वरच अडकली. दाबली, हलेना. सिमेंट आत केव्हाच घट्ट झालं होतं. वरची मान डायमंड बरने कापली आणि त्या आखूड पोस्टवरच कोअर उभारावं लागलं.