डिप्लोमाचा पियानो रिसायटल ठरवताना या चुका टाळा

बाखचं सी मायनर प्रील्यूड आणि फ्यूग, बेथोव्हेनचा 'पथेटिक' सोनाटा आणि शेवटी शोपँचा 'रेव्होल्युशनरी' एट्यूड. डिप्लोमाच्या रिसायटलसाठी, म्हणजे परीक्षेत सलग वाजवायच्या कार्यक्रमासाठी, ही निवड कागदावर भारदस्त दिसते. शिकवताना असे कार्यक्रम माझ्यासमोर नेहमी येतात, आणि मी दर वेळी बदलायला सांगते.

पहिलं कारण म्हणजे तिन्ही रचना सी मायनर या एकाच, गडद रंगाच्या स्वरमालेत आहेत. 'पथेटिक'चा मधला आडाजिओ, म्हणजे संथ भाग, ए फ्लॅट मेजर या उजळ स्वरमालेत आहे, तेवढाच काय तो उजेड. ऐकणाऱ्याचा कान थकतो आणि तुम्हालाही रंग बदलून दाखवायची संधी मिळत नाही. 'पथेटिक' ठेवायचाच असेल तर बाख मेजरमधला घ्या आणि शेवटी दब्युसीसारखा वेगळ्या स्पर्शाचा संगीतकार आणा. फक्त चालू सिलॅबसच्या यादीत ती रचना आहे ना, हे आधी पाहा.

दुसरं कारण डाव्या हाताचं. 'पथेटिक'च्या पहिल्या भागात डावा हात सप्तकाचे ट्रेमोलो (सप्तकाच्या दोन टोकांचे स्वर भराभर आलटूनपालटून) वाजवून जड होतो आणि 'रेव्होल्युशनरी'त पुन्हा सगळी धावपळ त्याच्याच वाट्याला येते. सुटासुटा वाजवताना हे कळतच नाही. म्हणून रचना पक्क्या करण्याआधी, अगदी कच्च्या अवस्थेतही, सगळा कार्यक्रम एकदा सलग वाजवून बघा. हात कुठे आखडतो ते तेव्हाच समजतं.

आता वेळ. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या एटीसीएल या पहिल्या डिप्लोमाला 32 ते 38 मिनिटांचा कार्यक्रम लागतो, त्यापुढच्या एलटीसीएलला 37 ते 43. बरेच जण यूट्यूबवरच्या नामांकित वादकांच्या वेळा जोडून बेरीज करतात. तुमचा टेम्पो त्यांचा नसतो. शिवाय रिपीटचं, म्हणजे एखादा भाग पुन्हा वाजवण्याचं, काय? 'पथेटिक'च्या पहिल्या भागातला रिपीट अलेग्रोपासून (जलद भागापासून) घेतला तर साधारण दोन मिनिटं वाढतात, ग्राव्हेपासून (सुरुवातीच्या संथ भागापासून) घेतला तर चारच्या आसपास. दोन्ही पद्धतींनी वाजवणारे मोठे वादक आहेत, पण तुम्ही कोणती घेणार हे आधी ठरवा आणि स्वतःच्या वादनाला घड्याळ लावा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पियानोकडे. आपल्याकडे घरी बहुधा डिजिटल किंवा अपराइट (उभ्या तारांचा) पियानो असतो आणि परीक्षेला ग्रँड (आडव्या तारांचा मोठा) समोर येतो, कधी उलटही घडतं. ग्रँडवर बोटाने दाबलेली पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच स्वर पुन्हा वाजतो, अपराइटला ते तितकं जमत नाही. त्यामुळे एकच स्वर भराभर वाजवायची रचना, उदाहरणार्थ स्कार्लात्तीचा के 141 क्रमांकाचा सोनाटा, अपराइटवर अडखळू शकते. डाव्या पेडलचंही तसंच: ग्रँडमध्ये हातोड्या बाजूला सरकतात आणि आवाजाचा पोत बदलतो, अपराइटमध्ये त्या फक्त तारांच्या जवळ येतात. दब्युसीची सगळी हळुवार जादू त्या पेडलवर सोडली असेल तर अपराइटवर ती हाती लागणार नाही. केंद्रावर कोणता पियानो आहे हे फॉर्म भरायच्या आधीच फोन करून विचारा, आणि निदान दोनदा तरी तशा पियानोवर सगळा कार्यक्रम वाजवून घ्या.