कुत्र्याला बाहेर नेताय? कायदा कोणाला धरतो ते आधी बघा

"अहो काही करत नाही तो, वास घेतोय फक्त." कुत्रेवाल्यांचं हे ठरलेलं वाक्य, आणि तक्रार झाली की याचा काडीचा उपयोग होत नाही, कारण तुमचा कुत्रा किती गुणी आहे यापेक्षा त्या वेळी तो कोणाच्या ताब्यात होता आणि त्या माणसाने काळजी घेतली होती का हे आधी विचारलं जातं.

भारतात भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. ताब्यातल्या प्राण्यामुळे कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होईल असा निष्काळजीपणा केला तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे मालक घरी झोपलेला असला तरी फिरवायला नेणारा अडकू शकतो, त्यामुळे ज्याला कुत्रा आवरत नाही त्याच्या हातात लीश देऊच नका, मग तो पोरगा असो नाहीतर पगारी माणूस. इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्याप्रमाणे तर चावायचीही गरज नाही, कुत्रा आता इजा करेल अशी रास्त भीती वाटली तरी गुन्हा होऊ शकतो. आणि जर्मनीत हौसेने पाळलेल्या कुत्र्याने नुकसान केलं तर मालकाची चूक नसली तरी भरपाई त्यालाच द्यावी लागते.

आता रोजचं. लीश साधी, ठराविक लांबीची घ्या. ती आपोआप लांब होणारी मिळते ना, ती गर्दीत नकोच, बटण दाबेपर्यंत कुत्रा समोरच्याच्या पायाशी पोचलेला असतो. लूप मनगटात, उरलेली दोरी त्याच हातात गोळा करून धरायची, आणि लिफ्टचं दार उघडायच्या आधी किंवा वळणावर कुत्रा पायाला चिकटून हवा, कारण अचानक समोरासमोर आलं की गडबड होते. मोबाईल खिशात ठेवा प्लीज. कॉलरवर कुत्र्याचं लाडाचं नाव नाही, तुमचा पत्ता आणि नंबर हवा (इंग्लंडमध्ये मालकाचं नाव-पत्ता सक्तीचाच आहे). नोंदणी आणि रेबीजच्या लशीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये असू दे.

शी उचलायची. पिशवी न्या, यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

आणि तरी चावलाच तर? तिथून सटकायचं नाही, सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आधी कुत्रा बाजूला बांधा, मग त्या माणसाची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायला लावा, ओरखडा असला तरी, आणि त्याला लगेच डॉक्टरकडे पाठवा. हळद, मिरची वगैरे लावू देऊ नका. तुमचा नंबर आणि लशीचं कार्ड द्या, कार्ड असलं तरी डॉक्टर टाळायचा नाही. पुढचे १० दिवस कुत्र्यात रेबीजची लक्षणं दिसतात का यावर लक्ष ठेवायचं असतं, तेव्हा घाबरून त्याला गावाला पाठवणं किंवा सोडून देणं म्हणजे समोरच्याच्या उपचारात घोळ आणि तुमच्यावर संशय. काही वेगळं वाटलं तर व्हेट आणि तो माणूस, दोघांना लगेच कळवा.

पेट इन्शुरन्स असेल तर त्यात थर्ड पार्टी कव्हर (कुत्र्याने दुसऱ्याला इजा किंवा नुकसान केलं तर त्याची भरपाई) आहे का ते आजच बघून घ्या, काही पॉलिसी फक्त कुत्र्याच्या आजारपणाचा खर्च देतात.