मेटल फिगरच्या हातात पिन कशी घालायची

२८ एमएमच्या व्हाइट मेटल (कथलाचा मऊ मिश्रधातू) फिगरचा, म्हणजे छोट्या मॉडेल पुतळ्याचा, हात नुसत्या सुपर ग्लूने चिकटवला ना, तर एका धक्क्यात निघतो, म्हणून आत पिन, म्हणजे तारेचा छोटा तुकडा, हवीच. फिगरचा हात आधी कापायचा असेल तर सोनार वापरतात ती बारीक पात्याची करवत घ्या, पकडीने नको, मऊ धातू चेपतो. जुन्या फिगरमध्ये बऱ्याचदा शिसं असतं, मास्क घाला, नंतर हात धुवाच.

मग पिन व्हाइसने (हाताने फिरवायचं छोटं ड्रिल) एका भागात १ एमएमचं भोक, सावकाश फिरवत, मधेमधे बिट बाहेर काढून चुरा झटकायचा, नाहीतर बिट आत अडकून तुटतो. खरी मेख समोरचं भोक जुळवण्यात आहे, पहिल्या भोकाच्या कडेला रंग लावा आणि ओला असतानाच दुसरा भाग दाबा, खूण उमटते, तिथेच ड्रिल करा. त्यात बसेल अशी पितळेची तार, थोडा ग्लू, झालं.