मुंबईत बसून डच हौशी फुटबॉलचा हंगाम कसा धरावा

सगळी लीग डोक्यात ठेवायच्या भानगडीत पडू नका, एकच गट घ्या. एरेडिव्हिझी आणि एर्स्टे डिव्हिझी या दोन व्यावसायिक पायऱ्यांखाली ट्वेडे, डेर्डे आणि व्हिर्डे डिव्हिझी येतात. त्याखाली पहिल्यापासून पाचव्यापर्यंत ‘क्लासे’. एकाच क्लासेत बरेच गट असतात, म्हणून पायरी, गटाचं अक्षर आणि वार वहीत लिहून ठेवा. वार अशासाठी, की तिथे शनिवारचं आणि रविवारचं फुटबॉल पूर्वापार वेगळं आहे. कर्मठ प्रोटेस्टंट गावं रविवारी मैदानात उतरत नाहीत. काही क्लबांचे दोन्ही वारांचे संघ असतात. नावापुढे २ असेल तर तो राखीव संघ. नवख्यांचा गोंधळ बहुतेक इथेच होतो.

बातम्या मुबलक हव्या असतील तर स्पाकेनबुर्खपासून सुरुवात करा. एकाच गावात निळे स्पाकेनबुर्ख आणि लाल आयसलमेअरफोखल्स हे दोन क्लब, मैदानंही शेजारी-शेजारी. २०२३ मध्ये निळ्यांनी डच कपमध्ये एरेडिव्हिझीतल्या उट्रेख्तला ४-१ असं लोळवलं होतं.

शनिवारचा सामना तिथे बहुधा दुपारी २:३० ला असतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ६ ला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, की तोच सामना ७ ला. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा ६. मोबाइलचा गजर भारतीय वेळेवर लावलात तर नोव्हेंबरभर तासभर आधी वाजेल. तो ॲम्स्टरडॅमच्या वेळेवर लावा.

निकालांसाठी डच फुटबॉल महासंघाचं व्हुटबाल डॉट एनएल हे ॲप पुरेसं आहे. गुणतक्त्यात ‘व्ही’चा रकाना पराभवाचा असतो, विजयाचा नव्हे. ‘आफखेलास्ट’ दिसलं तर सामना रद्द. जूनमध्ये आपली मैदानं जशी तळी होतात, तशी तिथली हिवाळ्यात गोठतात. मग एका संघाचे १४ सामने झालेले आणि दुसऱ्याचे ११, असा तक्ता दिसतो. त्यावर विश्वास ठेवू नका. गुणांना सामन्यांच्या संख्येने भागा. १४ सामन्यांत २४ गुण म्हणजे सामन्यामागे १.७१, ११ सामन्यांत २१ म्हणजे १.९१. खाली दिसणारा संघच पुढे आहे.

खरी गंमत कालखंडांची. क्लासेत हंगामाचे तीन तुकडे पडतात आणि प्रत्येकाचा वेगळा तक्ता असतो. एकूण तक्त्यातला विजेता थेट वरच्या पायरीवर जातो; कालखंड जिंकणाऱ्यांना हंगामाअखेर बढतीच्या जादा लढती मिळतात. त्यामुळे एकूण तक्त्यात सहावा असलेला संघही वर जाऊ शकतो. प्रत्येक कालखंड सुरू होताना संघाचे एकूण गुण टिपा आणि पुढे वजा करत जा: तेव्हा १७ आणि आता ३०, म्हणजे या कालखंडात १३. कालखंड जिंकणाराच विजेता ठरला, तर त्याची जागा दुसऱ्याला जाते. मे महिन्यात हे विसरलात तर हिशोब बोंबलतो.

उन्हाळ्यात गट नव्याने पाडले जातात. वहीतलं जुनं अक्षर खोडून नवं लिहा, मगच पुढचं वेळापत्रक उतरवा.